चांगुणाबाईची हैदराबादी तपकीर

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी पाऊस झाला नाही. ऑगस्टात झेंडा लागला, भाषणं झाली, पेढे वाटले. दिवाळीपर्यंत आड आटले. गंजगोलाईच्या आडत बाजारात माल येईना. माल नसला की हमालाला दोनच कामं उरतात, विडी ओढणं आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकणं. मी विडी ओढत नाही.

वीरण्णाचं तंबाखूचं दुकान आमच्या बसायच्या जागेला लागून होतं. पुढे दुकान, त्यामागे बोळ, बोळात एक खोली. त्या खोलीत चांगुणाबाई वाघमारे तपकीर कुटायची.

ती चाकूरकडच्या एका बौद्धवाड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात नवरा आणि तान्ही सिंधु घेऊन लातूरला आली आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागली. मी त्याच कामावर होतो. नवरा तिथेच तापानं गेला. काम संपल्यावर बाकीच्या बाया गावाकडे परतल्या. हिला परतायला शेत नव्हतं.

खडी फोडताना मी तिला पाहिलं होतं. जोर लावणारे दुपारपर्यंत टिकायचे. ती जोर लावत नसे. दगड फिरवून बघायची, शीर कुठे आहे ते शोधायची आणि तिथे घाव घालायची. संध्याकाळी तिचा ढीग पुरुषांच्या बरोबरीचा असे आणि खडी सगळी एका मापाची. मुकादम मोजायला आला की तिच्या ढिगापाशी त्याला बोलायला काही सापडत नसे, म्हणून तो पुढे जायचा.

वीरण्णाचा आधीचा कुटणारा शिंका देत देत पळून गेला होता. मीच तिला वीरण्णाकडे नेलं. तो म्हणाला, "बाई मानूस टिकल का रे ह्यात?" ती दहा वर्षं टिकली.

तपकिरीचं काम सांगतो, कारण ओढणाऱ्यांना ते माहीत नसतं. तंबाखूचं पान उन्हात कडक करायचं. देठ आणि शिरा काढायच्या. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचं, करपू द्यायचं नाही. मग दगडी उखळात कुटायचं. जुन्या धोतराच्या कापडातून गाळायचं. कापडावर जो भरडा राहतो तो पुन्हा कुटायचा. शेवटी तुपाचा हात फिरवायचा. एवढंच. हे सगळं दार लावून करावं लागतं, कारण वाऱ्याची झुळूक आली की माल उडून जातो. उन्हाळ्यात त्या खोलीत मी पानाचा गठ्ठा टाकायला जायचो आणि श्वास रोखून बाहेर यायचो. ती दिवसभर तोंडाला पदर बांधून आत असायची.

इतर वर्षी निपाणीहून महिन्याला पानाचे बारा-पंधरा गठ्ठे यायचे. एवढा माल उरकायचा तर एकदा कुटून, एकदा गाळून पुढे पाठवावा लागे. भरडा तसाच मिसळायचा असा वीरण्णाचा हुकूम होता. गिऱ्हाईक शिंकायचं, डोळे पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. कुणाची तक्रार नव्हती.

दुष्काळाच्या वर्षी चारच गठ्ठे आले. पान कमी, दिवस तेवढाच. दुसरं कुणी असतं तर दुपारी पडी टाकली असती. चांगुणाबाईनं तेच पान पुन्हा कुटलं. पुन्हा गाळलं. भरडा मिसळला नाही, तोही कुटला. मी म्हटलं, "बाई, कशाला हाताची सालं काढायलीस? तेवढंच तर भेटनार हाय."

ती म्हणाली, "रोज दिवसाचा घेते दादा. दिवस संपायच्या आधी बसू कशी?"

चार वेळा गाळलेली ती तपकीर वीरण्णाच्या गल्ल्याशी गेली. त्यानं सवयीनं चिमूट ओढली. शिंक आली नाही. तो घाबरला. मग थोड्या वेळानं एकच शिंक आली, साफ, पहाटेच्या हवेसारखी. तो बोळातून धावत मागे आला.

"काय घातलीस ह्यात?"

"काय न्हाई."

"अय्यो शिवा! काय न्हाई कसं? काय तरी घातलीस."

"कुटलं."

"कुटलं ते मला बी माहीत हाय. घातलीस काय?"

त्यानं उखळात वाकून बघितलं, तव्याचा वास घेतला, तुपाच्या डब्यात बोट घालून चाटलं. त्याला पटलं नाही. पण तो व्यापारी. न पटलेली गोष्टही त्यानं विकायला काढली. नवीन निळ्या कागदाच्या पुड्या बांधल्या, भाव वाढवला आणि अत्तराची एक रिकामी बाटली गल्ल्याशेजारी ठेवली. कुणी विचारलं, ही नवी तपकीर कुठली, की तो बोलत नसे. फक्त हसायचा आणि उदगीरच्या रस्त्याकडे बघायचा. त्या रस्त्यानं पुढे हैदराबाद लागतं. बाकीचं गिऱ्हाईक स्वतःच सांगायचं.

चांगुणाबाईला त्यानं ताकीद दिली की उद्यापासून दुकानाच्या पुढून यायचं नाही, बोळातूनच यायचं. ती तशीही बोळातूनच यायची.

दुकानापुढे एक बाकडं होतं. त्यावर तपकिरीचे तीन जाणकार बसत. व्यंकटराव नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत अव्वल कारकून होते, उस्मानाबादहून बदलून आलेले. किशनराव हे निवृत्त मास्तर. निजामाच्या काळात हैदराबादेत दोन वर्षं शिकले होते आणि तेव्हापासून मनानं तिथेच राहत होते. तिसरे मन्मथप्पा वैद्य. त्यांच्याकडे रोगी कमी आणि वेळ जास्त होता.

नवी तपकीर आल्यावर या तिघांना उद्योग मिळाला. गावात टँकरपुढे घागरींची रांग लागलेली असे आणि हे चिमूट ओढल्यावर किती सेकंदांनी शिंक येते ते घड्याळ लावून मोजत.

"बावीस सेकंद," किशनराव डोळे मिटून म्हणायचे.

"काल चोवीस होते."

"काल वारा होता, व्यंकटराव. वाऱ्यात चीज बिघडते. क्या चीज है साहब! मी सांगतो, ही नवाबाच्या घरची आहे. असा माल बाहेर येतच नाही."

"मग हा कसा आला?" मी विचारलं.

"तुझं काम कर," किशनराव म्हणाले. काम नव्हतं, म्हणून तर विचारत होतो.

मन्मथप्पा म्हणाले, "केशर आहे."

"केशरानं असा रंग येतो का वैद्यबुवा?"

"येत नाही, म्हणूनच सांगतो. लपवलंय."

व्यंकटरावांनी सरकारी कागदाच्या पाठीवर यादी केली. केशर, कस्तुरी, वाळा, जायफळ, गुलाबाची पाकळी, आणि 'एक अनोळखी जिन्नस'. यादी रोज वाढे. अकरा जिन्नस झाले तेव्हा मन्मथप्पांनी ते सगळे जमवून घरी तपकीर तयार केली. चार वेळा नाही, एकदाच कुटली. कुटायचं काम त्यांनी बायकोला सांगितलं आणि बायकोनं ते मिरची कुटायच्या उखळात केलं. पहिली चिमूट किशनरावांना मान म्हणून दिली. त्या दिवशी घड्याळ लावायची गरज पडली नाही. किशनराव बाकड्यावरून उठून आडतीच्या कोपऱ्यापर्यंत शिंकत गेले आणि तिथून शिंकतच परत आले. डोळे पुसत त्यांनी निकाल दिला, "केशर कमी पडलं."

मी निपाणीच्या ट्रकमधून गठ्ठे स्वतःच्या पाठीवर उतरवत होतो. हैदराबादहून वीरण्णाकडे काय आलं ते मला पक्कं ठाऊक होतं. काहीही आलेलं नव्हतं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मी एकदा बोललो ते पुरे झालं होतं.

संक्रांतीनंतर चांगुणाबाईच्या झोपडीवर नोटीस लागली. औशाच्या रस्त्याला आमची चाळीस-एक झोपड्यांची वस्ती होती. तिथे नव्या जिल्ह्याच्या साहेबांचे बंगले होणार होते. ज्यांच्याकडे दहा वर्षं लातुरात काम केल्याचा मालकाचा दाखला असेल, त्यांना गावाबाहेर माळावर जागा मिळणार. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी मार्चअखेर उठायचं. आम्हा हमालांना आडत्यांनी दाखले दिले. चांगुणाबाई वीरण्णाकडे गेली. मी गठ्ठा टाकायला खोलीतच होतो.

"मालक, दहा वर्सं तपकीर कुटते, एवढं लिवून द्या."

वीरण्णानं डोक्याला हात लावला. "चांगुणा, तू मला बुडवायलीस. तू हितं कुटतीस म्हनून लिवलं, तर हैदराबाद कुठं राहिलं?"

"हैदराबाद मी न्हाई आनलं."

"आनलं ते आनलं. आता हाय ते हाय. हे बघ, मी लिवतो, माज्या घरी दहा वर्सं धुनी-भांडी करते. सही देतो, शिक्का देतो. काम तुजं झालं."

"मी तुमच्या घरी एक ताट घासलं न्हाई."

"कोन बघायला बसलंय?"

"उद्या कुनी इचारलं, ही कुठं भांडी घासते, तर? खोट्या कागदावर घर बांधायचं आन् दर वर्साला भ्यायचं? जे काम करते तेच लिवा. न्हाई तर राहू द्या."

वीरण्णानं राहू दिलं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, घे भांड्यांचा कागद, जागा तर मिळेल. ती माझ्याकडे अशी बघू लागली, जशी मापात नसलेल्या खडीकडे बघायची.

मग ती दाखल्याशिवायच अर्ज घेऊन कचेरीत गेली. सोबत मी होतो. झोपडपट्टीचे अर्ज घ्यायला टेबलामागे व्यंकटरावच होते. त्यांच्या पुढ्यात निळी पुडी उघडी पडली होती.

"काम काय करता?"

"तपकीर कुटते."

"कुणाची?"

"वीरण्णाची."

व्यंकटराव हसले. शेजारच्या टेबलाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले, "बाई, वीरण्णाचा माल हैदराबादहून येतो. सगळ्या लातूरला ठाऊक आहे. सरकारी कामात खोटं बोलू नये."

"तुमच्या म्होरं हाय ती पुडी मी कुटलेली हाय."

"ही?"

"हाव."

व्यंकटरावांनी पुडी मिटली. "पुरावा?"

"हा दादा हाय ना. गठ्ठे ह्यो टाकतो."

"हमालाची साक्ष चालत नाही. मालकाचा दाखला आणा."

"मालक देत न्हाईत. तुमीच येऊन बघा की."

हे ती सहज बोलली. पण व्यंकटरावांचा चेहरा बदलला. तीन महिने ज्या दाराआडचं रहस्य हुंगत बसले होते, त्या दारातून सरकारी कामासाठी आत जायची ही सोय होती. त्यांनी ताबडतोब अर्जावर शेरा मारला, स्थळपाहणी करून पंचनामा करावा. पंच म्हणून किशनराव आणि मन्मथप्पा यांची नावं लिहिली. नियमात ते बसतं की नाही ते मला माहीत नाही. इतक्या वेगानं सरकारी कागद पुढे सरकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं बोळात आले. वीरण्णा त्यांच्या मागे हात जोडून उभा. अव्वल कारकुनाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. चांगुणाबाई आत होती. नोटिशीची मुदत संपायला नऊ दिवस राहिले होते. मी गठ्ठा घेऊन मुद्दाम तेव्हाच गेलो होतो आणि दाराशी थांबलो.

तिघांनी खोली उलथीपालथी केली. मन्मथप्पांनी मडकी हुंगली. किशनरावांनी कोनाड्यात हात घातला, तिथे सिंधुची शाळेची पाटी निघाली. व्यंकटरावांनी डबा उघडला.

"यात काय?"

"तूप."

"आणि यात?"

"भाकर हाय माजी."

"मसाला कुठे ठेवता?"

"मसाला न्हाई."

"घाबरू नका. आम्ही कुणाला सांगणार नाही."

"सांगा की समद्यांला. न्हाईच तर सांगायला काय जातं?"

मग तिनं आम्हा सगळ्यांना आत घेऊन दार लावलं, तोंडाला पदर बांधला आणि कुटायला बसली. ती नेहमीसारखीच कुटत होती. मुसळ फार वर जात नव्हतं आणि घाव चुकत नव्हता. पहिल्या गाळणीला किशनरावांचे डोळे वाहू लागले. दुसरीला मन्मथप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. व्यंकटराव घड्याळ बघून म्हणाले, "झालं का?"

"आनखी दोन बाऱ्या हाइत. तुमाला घाई आसंल तर हे घ्या, तेवढंच लवकर हुईल." तिनं मुसळ पुढे केलं.

आता पंचांपुढे मागे कसं सरायचं? व्यंकटरावांनी बाह्या सारल्या. मी मोजलं. एकोणीस घाव. त्यातले सहा उखळाच्या काठावर. विसावा घालायच्या आधी त्यांनी मुसळ खाली ठेवलं आणि कंबर धरली. चांगुणाबाईनं काठावर सांडलेलं पान हातानं गोळा केलं, पुन्हा आत टाकलं आणि उरलेलं काम पुरं केलं.

दुपार झाली होती. तिनं तिघांच्या तळहातावर एकेक चिमूट ठेवली. तिघांनी ओढली. मग किशनरावांची शिंक आली, एकच, साफ. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते सुख पाहिलं. बाकड्यावर रोज दिसायचं तेच. घड्याळ माझ्याकडे नव्हतं, पण बावीसच्या आसपासच झाले असतील.

"बाई, पूर्ण नाव सांगा," व्यंकटराव कागद काढून म्हणाले.

"चांगुणा नरसिंग वाघमारे. वस्ती बुद्धनगर."

किशनरावांनी बोटं उपरण्याला पुसली. हळूच पुसली, पण दोनदा पुसली.

"जवळ आहे," ते म्हणाले. "पण ती नव्हे."

"अगदी बरोबर," मन्मथप्पा म्हणाले. "तिच्यात गर्मी आहे, हिच्यात नाही."

व्यंकटराव कंबर चोळत म्हणाले, "मला आल्या आल्याच फरक कळला होता."

वीरण्णानं जोडलेले हात आणखी घट्ट जोडले. "तुमी जानकार मानसं. तुमच्यापासून काय लपतंय साहेब."

मी तोंड उघडलं. व्यंकटरावांच्या खिशातल्या निळ्या पुडीतला माल आदल्या दिवशी मीच या खोलीतून गल्ल्यावर नेला होता. चांगुणाबाईनं माझ्याकडे बघून मान हलवली. गप्प राहा.

व्यंकटरावांनी पंचनामा लिहिला आणि ऐटीत वाचून दाखवला. 'समक्ष पाहणी केली असता सदर बाई चांगुणा नरसिंग वाघमारे ही वीरण्णा यांच्या जागेत गेली दहा वर्षे तपकीर कुटण्याचे काम करीत असल्याचे दिसून आले. मालक हजर होते, त्यांनी हरकत घेतली नाही. तथापि सदर बाई कुटते ती तपकीर व बाजारात नावाजलेली हैदराबादी तपकीर या दोन भिन्न असून, नावाजलेल्या तपकिरीशी सदर बाईचा काही एक संबंध नाही, असे पंचांचे एकमत आहे.'

"पैलं वाक्य पुन्यांदा वाचा," चांगुणाबाई म्हणाली.

त्यांनी वाचलं.

"दहा वर्सं लिवलंय नव्हं?"

"लिहिलंय. पण पुढचं नीट ऐकलंत का?"

"ऐकलं. ऱ्हाऊ द्या तसंच. शिक्का कुठं मारता?"

तिनं सही केली. नावाच्या तीन अक्षरांना तिला वेळ लागला, पण एकही अक्षर रेघेच्या खाली उतरलं नाही.

परत येताना मी चिडलो होतो. म्हटलं, तुझी मेहनत तुझ्या तोंडावर दुसऱ्याच्या नावावर लिहिली आणि तू शिक्का विचारतेस? ती म्हणाली, "दादा, मला जागा पायजे व्हती. काम माजं हाय असं सरकारनं लिवलं. वास कुनाचा हाय ते त्यांचं त्यांनी बघावं. त्यांच्या नाकाचं मी काय करू?"

त्या एका कागदानं दोघांचं भलं केलं. चांगुणाबाईचं नाव जागेच्या यादीत आलं. वीरण्णानं पंचनाम्याची नक्कल काढून, काचेत घालून, गल्ल्यावर टांगली. आपला माल इथला नाही, हे नव्या जिल्ह्यानं शिक्क्यानिशी मान्य केल्याचं तो गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा. विक्री वाढली. चांगुणाबाईला बोळातून यायची गरज राहिली नाही, कारण तिचा त्या तपकिरीशी काही एक संबंध नव्हता. ती दुकानापुढून यायची. बाकड्यावरचे तिघं बोलणं न थांबवता पाय आखडून तिला वाट द्यायचे.

एप्रिलात किशनराव खर्च करून हैदराबादला गेले. चारमिनारच्या आसपास आठ दिवस हुंगत हिंडले आणि दोन डब्या घेऊन आले. बाकड्यावर डबी उघडली, चिमूट ओढली, सात शिंका आल्या. तिघांनी दुसरी डबीही उघडून बघितली. मग किशनराव म्हणाले, "तिथल्या लोकांना कदर राहिली नाही. चांगला माल सगळा लातूरला पाठवतात."

मे महिन्यात आम्ही चांगुणाबाईच्या जागेवर पाया खणायला गेलो. माळ म्हणजे नुसता मुरूम, वर दुष्काळाचं ऊन. पहारीनं ठिणगी उडायची. वीस बाय तीसची जागा तिनं दोरी लावून स्वतः आखली होती, चारी कोपऱ्यांना खुंट्या. एक बाजू मी खणत होतो, एक ती. सिंधु माती उपसत होती. दुपारी मी पहार टेकवली आणि म्हटलं, झालं, एवढ्यावर दगड बसतील.

चांगुणाबाई आली. चरात उतरली, कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मोजलं, पुन्हा मोजलं.

"मी दीड हात म्हनले व्हते दादा. सव्वाच झालाय."

"मुरूम कडक हाय बाई. एवढ्यानं काय हुतंय?"

"भिंत माजी हाय," ती म्हणाली आणि माझ्या हातातली पहार घेतली.

मी ती परत घेतली आणि उरलेलं खणलं.